कडुनिंब नक्की कुणाची परीक्षा घेतो?

मंडळी, आज जरा चिडून लिहितोय, सांभाळून घ्या.

मागच्या पावसाळ्यात गावी गेलो होतो. झरी, जिल्हा परभणी. (यवतमाळचं झरी-जामणी वेगळं, हे सांगून सांगून थकलो.) पहाटे गल्लीतल्या एका काकांचं पोट दुखायला लागलं. रात्री जमिनीवर झोपलेले. मग पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळायला लागलं. कुणीतरी म्हणालं, "पान लागलं असंल." लगेच कडुनिंबाचा पाला तोंडात कोंबला. "कसा लागतो?" "कडू." झालं! कडू लागतोय म्हणजे इख नाही. तासभर सगळे निवांत. आणि इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेला मी तिथेच हाताची घडी घालून उभा.

शाळेत आपण सगळ्यांनी घोकलंय: चेतापेशी तीन प्रकारच्या. संवेदी, सहयोगी, प्रेरक. चार मार्कांची आकृती, की विषय संपला. आता तीच आकृती काकांवर लावून बघा. पाला कडू आहे ही बातमी जिभेकडून मेंदूकडे नेतात त्या संवेदी पेशी. 'थुंकून टाक' हे ठरवणाऱ्या सहयोगी. मेंदूतल्या सुमारे ८६०० कोटी चेतापेशींत बहुतेक भरणा यांचाच. आणि स्नायूंना हुकूम पोचवतात त्या प्रेरक. मण्यारीचं विष घाव घालतं ते या शेवटच्या टप्प्यावर, प्रेरक पेशीचं टोक स्नायूला भिडतं तिथे. त्या टोकातून ॲसिटाइलकोलीन सुटलं तरच स्नायू आकसतो. ते सुटणंच बंद पडतं. आधी पापण्या, मग घसा, शेवटी श्वास.

म्हणजे माणसाला चव कळते, ऐकू येतं, फक्त हलता येत नाही. कडुनिंब परीक्षा घेतो संवेदी पेशींची, आणि नापास होत असतात प्रेरक! वर गिळता न येणाऱ्याच्या घशात पाला. तो श्वासनलिकेत गेला तर विषाची गरजच नको.

"पण आमचा अनुभव आहे" असं म्हणणारे भेटतातच. असणारच की! बरेच साप बिनविषारी, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. असे दहा जण वाचले की पाला पास. मण्यारीचा दंश तर बऱ्याचदा दुखतही नाही, खूणही सापडत नाही.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं गेली असा अंदाज आहे. त्यात उशिराचा वाटा मोठा. कारण प्रतिविष रक्तातलं विष निकामी करतं, पण मोडलेली टोकं जोडत नाही. ती पुन्हा वाढायला दिवस, कधी आठवडे लागतात. तोवर श्वास यंत्राने द्यावा लागतो.

आणि माझा राग गावावर नाहीच, आपल्यावर आहे. ऑफिसात दिवसातून पन्नास वेळा 'न्यूरल नेटवर्क' म्हणणारे आपण. न्यूरॉन आपल्याला कोडमध्ये दिसतो, ओट्यावर पडलेल्या माणसात दिसत नाही. मला दिसला, पण तासाभराने. तेव्हा कुठे गाडी निघाली.

काका वाचले. व्हेंटिलेटरवर नऊ दिवस काढले. नंतर म्हणाले, "समदं ऐकू येत व्हतं रे. 'गेला' म्हणलेलं बी."

'आकृती काढून नावे द्या' हा प्रश्न आता बंद करा. त्याऐवजी विचारा: मण्यार चावलेल्याला कडुनिंब कडू का लागतो? दिवाळीनंतर गावच्या शाळेत जाऊन मी हाच प्रश्न फळ्यावर लिहिणार आहे.