भागीदारी करा, पण कागदावर

तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिरात मराठी माणूस गेला की त्याला एक भिंत हमखास दाखवली जाते. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली तिच्यावर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. माझं पीएचडीचं फील्डवर्क याच शहरात चालू असल्यामुळे ही भिंत मला अनेकदा दाखवली गेली. ती पाहताना दर वेळी वाटतं, वंशावळ हे केवढं मोठं भांडवल आहे! ते ज्याच्याकडे आहे, त्याच्यावर अनोळखी माणूसही विश्वास ठेवतो. ज्याच्याकडे नाही, त्यानं धंद्यात विश्वास आणायचा कुठून?

हा प्रश्न मला नीट समजला तो इथल्या एका मुलीमुळे. ती दलित वस्तीतली, पंचविशीची, घरातली पहिली पदवीधर. बी.कॉम. करता करता एका कारखान्यात नगावर मजुरी घेऊन बाहुल्या रंगवायला शिकली. तंजावूरची मान डोलावणारी बाहुली प्रसिद्ध आहे, तिला भौगोलिक मानांकनही आहे. नवरात्रात तमिळ घरांमध्ये पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्याला गोलू म्हणतात. वर्षाची बरीचशी विक्री त्या आधीच्या दोन महिन्यांत होते.

तिनं ऑनलाइन विक्री सुरू केली ती एका भागीदारासोबत. तो जातीनं वरचा, शहरात त्याच्या घरचं दुकान. कॅमेरा त्याचा, बँकेचं चालू खातं त्याचं, मोबाइल नंबर त्याचा. बाहुल्या तिच्या, रंग तिचे, गिऱ्हाइकांच्या मेसेजना रात्री उशिरापर्यंत उत्तरं देणारी तीच. पार्सलवर मात्र पत्ता त्याच्या दुकानाचा. तिच्या वस्तीचं नाव पार्सलवर दिसलं तर ‘लोक उगाच विचारत बसतील’, असं त्याचं म्हणणं. तीन गोलू बरे गेले. चौथ्या वर्षी हिशोबावरून वाद झाला आणि एका सकाळी पेजचा पासवर्ड बदललेला होता. पेज गेलं, फोटो गेले, तीन वर्षांची गिऱ्हाइकांची यादी गेली. मी विचारलं, “काही लिहून घेतलं होतंस का?” ती म्हणाली, “अक्का, घरच्यासारखे होतो ना आम्ही. कागद मागितला असता तर त्याला वाईट वाटलं असतं.”

‘घरच्यासारखे’ या शब्दाबद्दल मला बोलायचं आहे.

छोटा ऑनलाइन धंदा वाढवायचा तर एकट्यानं धावू नका, दुसऱ्या उद्योजकांशी हात मिळवा, असा सल्ला आज सगळीकडे मिळतो. सल्ला खोटा नाही. बाहुल्या विकणारी आणि जवळच्या तिरुभुवनमची रेशमी साडी विकणारी यांचं गिऱ्हाईक नवरात्रात बरंचसं एकच असतं. दोघींनी एकमेकींचा माल दाखवला, खोके आणि पॅकिंग एकत्र घेतलं, फोटो काढणारा एकच ठरवला, तर दोघींचा खर्च कमी होतो. जाहिरातीला पैसा नसलेल्या माणसासाठी दुसऱ्याचं गिऱ्हाईक हीच जाहिरात. पण हा सल्ला देणारे एक गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे विश्वास. आपल्या समाजात विश्वास जातीच्या वाटेनं चालतो. मामाची ओळख, काकांचं दुकान, ज्ञातीचं वसतिगृह, लग्नात भेटलेला घाऊक व्यापारी, हे सगळं ज्याला जन्मानं मिळतं त्याला कागदाची गरज कमी पडते. त्यानं फसवलं तर जाब विचारायला जात असते. आपल्याला फसवलं तर कोण विचारणार?

१९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून बाबासाहेब मुंबईला आले. त्यानंतर त्यांनी शेअर्सबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला तो माणूस. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक यायचं थांबलं आणि व्यवसाय बंद पडला. ज्ञान होतं, पण बाजारात ज्ञानाला जामीन लागतो आणि तो जामीन जात होती. २०१२ साली ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त एक अभ्यास आला. देशातल्या हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांमध्ये ९३ टक्के लोक उच्च जातींचे निघाले. म्हणजे पाऊण शतकाहून अधिक काळ गेला, राज्यघटना आली, तरी टेबलाभोवती कोण कुणाला बसवतो, हे फारसं बदललं नाही.

तमिळनाडूत तर एक वेगळाच धडा मिळतो. १९२९च्या चेंगलपट्टू परिषदेत पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीनं नावापुढची जातीची बिरुदं टाकायचा ठराव केला आणि लोकांनी ती खरोखर टाकली. आपल्याकडे आडनावावरून जात ओळखतात, तशी इथं ओळखता येत नाही. मग विचारतात, “घर कुठल्या गल्लीत?” म्हणूनच पार्सलवरचा पत्ता ही साधी गोष्ट नसते.

मग आपण आपल्याच जातीत भागीदारी करावी का? याचं उत्तर शोधताना नाडार समाजाचा इतिहास वाचावा. ताडी काढणारी ही जात. तिला मंदिरप्रवेश नव्हता, १८९९ साली शिवकाशीत तिच्यावर हल्ले झाले. त्यांच्या व्यापाऱ्यांनी ‘महिमै’ नावाची पद्धत उभी केली. प्रत्येकानं धंद्यातला ठरावीक वाटा सामाईक निधीत टाकायचा. त्यातून शाळा झाल्या, व्यापाऱ्यांना उतरायला जागा झाल्या. १९२१ साली तुत्तुकुडीत नाडार बँक निघाली, तीच आजची तमिळनाड मर्कंटाइल बँक. तिरस्कारलेल्या माणसांनी एकमेकांचे जामीन होऊन केवढं उभं करता येतं, याचं हे उदाहरण आहे आणि त्यातून शिकलंच पाहिजे. पण ती एकी जातीच्या उंबरठ्याशी थांबली. त्याच उन्हात उभ्या असलेल्या दलितांना तिच्यात जागा नव्हती. आपण सामाईक निधी घ्यावा, उंबरठा घेऊ नये.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याच्याकडे वंशावळ नाही, त्याच्याकडे करारनामा हवा. ‘घरच्यासारखे’ हा शब्द पडला की समजावं, इथं कुणाचं तरी घर आहे आणि कुणीतरी पाहुणा आहे. कागद मागणं म्हणजे अविश्वास नव्हे. जात न बघता विश्वास ठेवायचा असेल, तर त्याला आधार कागदाचाच लागतो.

१९३२चा भागीदारी कायदा आपल्यातल्या किती जणांनी वाचला आहे? करारात वेगळं काही ठरलं नसेल तर नफा-तोटा समान वाटला जातो, असं तो म्हणतो. म्हणजे राबणारी एक आणि दुकान दुसऱ्याचं असलं तरी, दोघं भागीदार आहेत एवढं सिद्ध झालं तर वाटा निम्मा निम्मा. अडचण सिद्ध करण्याचीच असते. फर्मची नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसेल तर करारातला हक्क मागायला भागीदारावर सहसा दावा लावता येत नाही. आणि एका भागीदारानं फर्मच्या नावावर केलेल्या कर्जाला सगळे जबाबदार असतात, अगदी स्वतःच्या खासगी मालमत्तेपर्यंत.

हा शेवटचा मुद्दा आपल्यासाठी धोक्याचा आहे. केंद्राच्या सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीच्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांसाठी ४ टक्के हिस्सा ठेवला आहे. भागीदारी फर्म असेल तर त्यात या समाजांचा वाटा किमान ५१ टक्के लागतो. २०१६ साली सुरू झालेल्या स्टँड-अप इंडिया कर्जयोजनेतही ५१ टक्क्यांची अट होती. त्यामुळे शिकलेल्या दलित-आदिवासी तरुणाकडे एक नवा ‘मित्र’ येतो. “तू फक्त सही कर, बाकी मी बघतो.” कागदावर ५१ टक्के आपले, गल्ला त्याचा, आणि कर्ज थकलं की नोटीस आपल्या दारात. याला भागीदारी म्हणत नाहीत. आपलं जातप्रमाणपत्र त्यानं भाड्यानं घेतलेलं असतं.

म्हणून हात मिळवण्याआधी दोन पानं लिहावीत. पेज, नंबर आणि ईमेल कुणाच्या नावावर? पासवर्ड दोघांकडे आहे का? गिऱ्हाइकांची यादी दर महिन्याला दोघांकडे उतरते का? फोटो कुणाचे? पैसा कुठल्या खात्यात येतो आणि हिशोब कोणत्या तारखेला? वाटेत बाहुली फुटली तर भरपाई कोण देणार? वेगळं व्हायचं ठरलं तर कोण काय घेऊन जाणार? आणि पार्सलवर पत्ता कुणाचा? हे प्रश्न ऐकून जो नाराज होतो, तो पुढं काय करेल ते आजच कळतं.

त्या मुलीनं यंदा नवं पेज उघडलं आहे. सोबत आणखी दोघी आहेत, एक साड्या विकते, एक पितळी थाळ्या. तिघींच्या जाती वेगळ्या. करारनामा तमिळमध्ये आहे, तिनंच लिहिला. बी.कॉम.चा पहिला खरा उपयोग झाला, असं ती हसून म्हणाली. धंदा अजून लहान आहे, जुनी गिऱ्हाइकं परत आलेली नाहीत. पण परवा तिनं मला पहिल्या पार्सलचा फोटो पाठवला. पाठवणाऱ्याच्या जागी तिचं नाव होतं आणि खाली तिच्या वस्तीचा पूर्ण पत्ता.

जय भीम.