ओढीच्या शर्यतीचा ट्रॅक्टर

अमेरिकेंत ओहायो राज्यांतील बोलिंग ग्रीन येथें 1967 पासून ट्रॅक्टरांच्या ओढीचे राष्ट्रीय सामने भरत आले आहेत. तेथें ओढावयाच्या घसरगाडीवर वजनाची पेटी असते. गाडी पुढें जाईल तशी ती पेटी ट्रॅक्टरकडे सरकते व ओढ जड होत जाते. असा ट्रॅक्टर सिद्ध करूं पाहणारा प्रथम विचारतो, इंजिन किती अश्वशक्तीचें? आमच्या मतें हा प्रश्न शेवटचा होय.

प्रथम वर्गाचे नियम वाचावे. प्रत्येक वर्गास वजनाची मर्यादा असते. तीहून हलकें यंत्र निवडावें, म्हणजे उरलेलें वजन लोखंडी ठोकळ्यांच्या रूपानें हवें तेथें ठेवतां येतें. पुढें कमी पडलें तर तोंड उचलतें. मागें कमी पडलें तर चाकें जागींच फिरतात. त्यानंतर टायर, मग क्लच, आणि मग इंजिन. क्लच जुनाच ठेवून इंजिनाचा जोर वाढविणें म्हणजे तरण्या बैलांच्या मानेवर कुजकें जूं ठेवणें होय.

ओढ आंसाच्या वर जोडल्यास ट्रॅक्टर मागें उलटून चालक खालीं सांपडतो. म्हणून मागील टेकू व इंजिन तत्काळ बंद करणारी कळ यांत काटकसर नको. आपल्याकडे उंसाच्या ट्रॉल्या ओढतांना तोंड उचललेले ट्रॅक्टर वाचकांनीं पाहिलेच असतील, धोका तोच.

जमाखर्च लिहिण्यांत आमचें आयुष्य गेलें, म्हणून स्पष्ट सांगतों: ज्याच्यावर घरची नांगरट अवलंबून आहे, तो एकुलता ट्रॅक्टर शर्यतीस लावूं नये. बक्षीस एका दिवसाचें, पेरणी वर्षाची.