उष्णतेच्या चार वाटा

दिवाळी आली की ठाण्याच्या टेंभी नाक्यावर घरोघर दोन गोष्टी तापतात. आत फराळाची कढई आणि बाहेर पोरांच्या हातातली फुलबाजी. आपल्या या सदराला यंदा याहून चांगला विषय कुठला मिळणार?

फुलबाजीची ठिणगी हजार अंशांच्या वर तापलेली असते. ती मनगटावर पडली तर फार तर चुरचुरते. चहा शंभर अंशांच्या आतच असतो. पण तो अंगावर सांडला तर टरारून फोड येतात. असे का?

‘‘आजोबा, जास्त तापलेली ठिणगी कमी कशी भाजते?’’ असे नातवाने विचारले, तर आजोबा म्हणतील, ‘‘अरे, ती केवढीशी असते!’’ आजोबांचे उत्तर अगदी बरोबर आहे. पदार्थातले कण किती जोराने हालचाल करतात, त्याचे माप म्हणजे तापमान. आणि एका वस्तूतून दुसरीत जाणारी ऊर्जा म्हणजे उष्णता. ठिणगीचा रुबाब मोठा, पण गाठीला काहीच नाही! विझलेल्या फुलबाजीची तार मात्र तशी नसते. तिच्यात पदार्थ पुष्कळ, म्हणून उष्णताही पुष्कळ. ती पाण्याच्या बादलीतच टाकावी. अनवाणी पोरांचे पाय तेवढे वाचतील.

आता स्वयंपाकघरात या. चकल्या तळणाऱ्या वहिनींच्या हातातला झारा थोड्या वेळाने मुठीपर्यंत तापतो. धातूचा एक कण शेजारच्याला धक्का देतो, तो पुढच्याला. कोणीच जागा सोडत नाही. हे झाले वहन. तांबे या कामात स्टेनलेस स्टीलच्या वीस-पंचवीस पट तरबेज, म्हणून स्टीलच्या पातेल्यांना तांब्याचे बूड लावतात. लाकूड या कामात आळशी, म्हणून मूठ लाकडाची. कढईतले तेल मात्र जागचे हलते. तळाचे तापून हलके होते व वर येते, वरचे गार तेल खाली जाते. हे अभिसरण. आणि शेगडीसमोर बसले की गालांना धग लागते, तिला मध्ये हवासुद्धा लागत नाही. हे प्रारण. सूर्याची उष्णता पंधरा कोटी किलोमीटरच्या पोकळीतून याच वाटेने आपल्याकडे येते.

या तिन्ही वाटांचा नियम एकच. उष्णता आपण होऊन जाते ती नेहमी जास्त तापलेल्याकडून कमी तापलेल्याकडे. पाणी उताराकडे जाते, तसेच हे.

हा नियम घराच्या छपराला लावून पाहा. कौले उष्णतेची मंद वाहक. शिवाय त्यांच्या फटींतून माळ्यावरची तापलेली हवा निघून जाते. पत्रा पातळ. तो क्षणात तापतो आणि खालच्या माणसांवर प्रारणाचा मारा करतो. काँक्रीटचा स्लॅब सावकार आहे. दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री, आपण पाठ टेकली की, परत करतो. ठाण्यात कौलारू घरे जाऊन मजले चढले, तसे वरच्या मजल्यावरच्यांच्या वाट्याला हे रात्रीचे देणे आले. गच्चीला पांढरा चुना फासला तर पुष्कळसे ऊन आल्या पावली परत जाते.

पण सर्वांत महत्त्वाची शेगडी आपण बरोबर घेऊनच हिंडतो. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर सुमारे शंभर वॉट उष्णता तयार करते. ती बाहेर गेलीच पाहिजे, नाहीतर शरीर तापत जाईल. आपली त्वचा असते सुमारे ३३ ते ३५ अंशांची. बाहेर २८ असेल तर तिन्ही वाटा खुल्या असतात. बाहेर ३८ झाले की उतार उलटा होतो आणि उष्णता अंगात शिरू लागते!

मग उरते चौथी वाट : घाम. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला एक कॅलरी लागते. तेवढाच घाम वाळताना अंगातून सुमारे ५८० कॅलरी घेऊन जातो. माठातले पाणी गार होते तेही याच युक्तीने. पण नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात माठ जितका गार होतो, तितका ठाण्यात होत नाही. खाडीकाठची आपली हवा आधीच बाष्पाने भरलेली. तिच्यात घामाला जागा कुठली? तो वाळत नाही, नुसता निथळतो. आणि निथळलेला घाम उष्णता नेत नाही.

म्हणून नुसत्या पाऱ्यावर विसंबू नये. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला भर उन्हात तासन्‌तास बसलेल्या जनसमुदायातले १४ जण सरकारी आकड्यांनुसार उष्माघाताने दगावले. त्या दिवशी पारा होता ३८ अंशांच्या आसपास. विदर्भाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण तापमापक सावलीत असतो, माणसे उन्हात होती. वरून प्रारण, भोवती दमट हवा आणि गर्दीत वारा नाही. चारही वाटा एकदम अडल्या.

ऑक्टोबरचा उकाडा दिवाळीनंतर ओसरेल. मार्च-एप्रिल काही लांब नाहीत. तेव्हा एवढे लक्षात असू द्या. उन्हात कोणी बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग चटका बसण्याइतके तापले, तर त्याला सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. ओले अंग आणि वारा मिळून बंद पडलेली चौथी वाट पुन्हा उघडतात. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका. आणि दवाखाना गाठायला क्षणभरही दवडू नका. गाडी येईपर्यंत वारा घालणारा हात थांबता कामा नये.