बापाने दाराबाहेरच उभे राहायचे काय?

10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. ठराव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा, मांडला तो पी. जे. रोहम यांनी. रोहम स्वतंत्र मजूर पक्षाचे आणि अहमदनगर जिल्ह्यातून निवडून आलेले. बाळंतपणाच्या कळा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या, तर एकाहून अधिक मूल कुणाही पुरुषाने कबूल केले नसते, अशा आशयाचा मुद्दा त्या भाषणात होता. ठराव पडला. बाजूने 11 मते, विरोधात 52. सभागृहाने ठराव पाडला, पण आमच्याच जिल्ह्याच्या प्रतिनिधीने मांडलेला तो मुद्दा काही पडला नाही. तो आज आम्ही बापांपुढे ठेवतो आहोत.

बाबासाहेबांना हा विषय पुस्तकातून कळलेला नव्हता. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार लेकरे त्यांनी आणि माता रमाईने गमावली. राजरत्न गेला 1926 साली. त्यानंतर दोनच वर्षांनी, 28 जुलै 1928 रोजी, मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर मातेला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. 1929 साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. लेकरे गमावलेल्या बापाने देशातल्या मातांसाठी मागितलेला तो हक्क होता, हे आम्ही विसरता कामा नये.

आज काय चित्र आहे? 2018-20 च्या नमुना नोंदणी पाहणीत देशात एक लाख जिवंत जन्मांमागे 97 माता दगावल्या, तर महाराष्ट्रात 33. आकडा चांगला आहे. पण सरासरी ही मोठी फसवी गोष्ट. त्या 33 मध्ये कोण असते? बंगल्यातली सून असते की उसाच्या फडातली बाई? सतरा हजार चौरस किलोमीटर आणि 14 तालुके असलेला आमचा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. त्याचे नाव बदलून अहिल्यानगर झाले, अंतरे मात्र बदलली नाहीत. अकोले तालुक्यातल्या राजूरहून जिल्ह्याचे सिव्हिल शंभर किलोमीटरच्या पुढे. जामखेडहून सत्तरच्या वर. ज्या बाईला झटके येताहेत, जिचे रक्त थांबत नाही, तिच्यासाठी हे किलोमीटर नसतात, ते उरलेले श्वास असतात.

मातामृत्यूचा अभ्यास करणारे तीन उशीर सांगतात. निर्णय घ्यायला उशीर, दवाखान्यात पोहोचायला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला उशीर. आम्ही म्हणतो, या तिन्ही उशिरांच्या दारात नवरा उभा असतो. दवाखान्यात न्यायचे की सकाळपर्यंत थांबायचे, हे घरातला पुरुष ठरवतो. गाडी तोच शोधतो. रक्ताच्या पिशवीसाठी तोच धावतो. आणि तरीही गरोदरपणाच्या नऊ महिन्यांत त्याला कुणी काही सांगितलेले नसते. आशाताई बोलते ती सासूशी आणि सुनेशी. माता व बाल संरक्षण कार्ड ट्रंकेत. त्यावर लाल शाईने 'जोखमीची माता' लिहिलेले असते, पण ते वाचायचे कुणी?

त्यात पहिले बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. सातव्या महिन्यात बाई माहेरी जाते आणि नवऱ्याकडे उरतो फोन. तपासण्या एका केंद्रात, बाळंतपण दुसऱ्या तालुक्यात, कागद तिसरीकडे. रीत मोडा असे आम्ही म्हणत नाही. आईच्या हाताखालचा विसावा बाईला मिळालाच पाहिजे. पण कार्ड तिच्यासोबत जावे आणि नवऱ्यानेही जावे, निदान तपासणीच्या दिवशी तरी.

आम्ही स्वतः त्या बाकड्यावर बसलो आहोत. आठव्या महिन्यात पायांना सूज, डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी. रक्तदाब वाढलेला. ग्रामीण रुग्णालयाने चिठ्ठी दिली, पुढे न्या. पुढच्या ठिकाणी सांगितले, बाळाचा डॉक्टर नाही, आणखी पुढे न्या. तिसऱ्या ठिकाणी दार बंद झाले आणि आत काय चालले आहे हे सांगायला चार तास कुणी बाहेर आले नाही. सही मात्र दोनदा घेतली. कशावर, ते वाचायला वेळ दिला नाही. आई वाचली, दीड किलोचे लेकरू काचेच्या पेटीत राहून वाचले. आमच्या शेजारी बसलेल्या पाथर्डीकडच्या तरुणाचे नशीब तसे नव्हते. तो ऊसतोडीवरून आला होता. मुकादमाला काय सांगायचे, हीच त्याला पहिली चिंता होती.

त्याची चिंता खोटी नव्हती. फडात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांच्या नावावर. बाईने खाडा केला तर दंड, आणि तिच्यासोबत दवाखान्यात गेला म्हणून नवऱ्याचाही खाडा. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला 15 दिवसांची पितृत्व रजा आहे. कायद्याने नोकरदार स्त्रीची प्रसूती रजा 2017 साली 26 आठवडे झाली. त्याच वर्षी फडातल्या बाईला किती आठवडे मिळाले? एकही नाही. 1950 साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्यात सुरू झाला, त्याचे कौतुक आम्हीही वाचतो. पण ज्या कोयत्यावर ही साखर उभी आहे, त्या कोयत्याला बाळंतपण असते हे सहकाराच्या पोटनियमात कुठे आहे?

पैशाचीही गोष्ट ऐका. 2025 च्या मार्च महिन्यात पुण्यात जुळ्या बाळांच्या जोखमीच्या गर्भवतीच्या कुटुंबाकडे एका धर्मादाय रुग्णालयात दहा लाखांची अनामत मागितल्याचे प्रकरण राज्यभर गाजले. दुसऱ्या रुग्णालयात मुले जन्मली, आई गेली. तो नवरा एका आमदाराचा स्वीय सहायक होता. ज्याच्या ओळखी मंत्रालयापर्यंत, त्याची ही अवस्था, तर ज्याची ओळख मुकादमापलीकडे नाही त्याने कुठे जावे?

रस्ता नाहीच असे नाही. याच जिल्ह्यात, जामखेडला, 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. त्यांनी गावच्या आरोग्याची धुरा निरक्षर बायांच्या हाती दिली. त्यांतल्या कित्येक दलित वस्तीतल्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव घेत नव्हते, त्याच हातांनी गावची बाळंतपणे सुखरूप केली. आणि महत्त्वाचे म्हणजे, तिथे पुरुषांचीही शेतकरी मंडळे उभी केली गेली. बायांचे आरोग्य ही पुरुषांच्या बैठकीत बोलायची गोष्ट झाली. जगाने जामखेडकडून हे शिकून घेतले. आम्ही शिकलो काय?

म्हणून चळवळीपुढे काही गोष्टी ठेवतो. 14 एप्रिल आणि 6 डिसेंबरला आम्ही रक्तदान शिबिरे घेतो, अभिमानाची गोष्ट आहे. पण रक्ताची पिशवी 35 ते 42 दिवसांत बाद होते, आणि बाळंतपण जयंती पाहून येत नाही. तेव्हा प्रत्येक बुद्धविहारात रक्तगटाची वही ठेवा. नाव, गट, फोन. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रात गरोदर मातांची डॉक्टरांकडून तपासणी असते; त्या दिवशी नवऱ्याने सोबत जावे, रक्तदाब आणि हिमोग्लोबिनचा आकडा स्वतः विचारावा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून सरकारी रुग्णालयात औषध, तपासणी, रक्त आणि वाहन मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर पावती मागा. पुढे न्या म्हटले, तर कुठे, का आणि तिथे डॉक्टर आहे काय, हे विचारून फोन लावायला लावा. गाडी सुटण्याआधी हे विचारणे हा बापाचा हक्क आहे.

आणि सरकारला सांगा: ऊसतोड, वीटभट्टी, शेतमजुरी करणाऱ्या बापाला बाळंतपणाच्या दिवसांची मजुरी द्या. फडातल्या खाड्याचा दंड बाळंतिणीच्या घरी बंद करा. तालुक्याच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ रात्रीही हजर ठेवा. ही मेहेरबानी नाही. 1928 सालीच मागितलेला हा हक्क आहे.

रोहमांच्या ठरावाला 11 मते पडली होती. बारावे मत आता आमच्या घरातून, बापाकडून पडले पाहिजे.

जयभीम!