कापसाच्या गाठी आणि पहलवी अक्षरे

यवतमाळ, वणी, दारव्हा या भागांतील आपल्या अनेक घराण्यांची पेढी कापसावर उभी राहिली. त्याच धंद्यातून एक गृहस्थ प्राचीन इराणी लेखांचे वाचक झाले, ही हकीकत वाचकांस रुचेल.

एडवर्ड विल्यम वेस्ट १८४४ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, मुंबईस आले ते कापूस दाबण्याच्या कारखान्यावर देखरेख करण्यासाठी. पुढे ते जी. आय. पी. रेल्वेचे मुख्य अभियंता झाले. वऱ्हाडचा कापूस ज्या मार्गाने मुंबईस जाऊ लागला, तीच ही रेल्वे. पहलवी भाषा त्यांनी नोकरी सांभाळून, बहुतांशी स्वाध्यायानेच आत्मसात केली. पुण्यातील संस्कृताध्यापक मार्टिन हाउग यांचा स्नेह मात्र मोलाचा ठरला.

पहलवी ही सासानी काळातील इराणची भाषा. तिच्या ग्रंथलिपीत न, व आणि र यांस एकच चिन्ह. शिवाय लिहावयाचे आरामी भाषेतील ‘मल्का’ आणि वाचावयाचे ‘शाह’! आपल्या जुन्या महाजनी लिपीत काना-मात्रा नसल्याने ‘काकाजी अजमेर गया’चे ‘काकाजी आज मर गया’ झाले, ही गोष्ट घरोघरी ठाऊक आहे. व्यवहार, माणसे आणि गाव ठाऊक असलेला मुनीम ती चिठ्ठी अचूक वाचीत असे. तो मुनीम गेला, की वही उरते आणि वाचन हरपते. माळ्यावरच्या पेटीतील आपल्या आजोबा-पणजोबांच्या किती वह्या आज घरात कोणास वाचता येतात? वेस्ट यांच्यापुढे तर हा प्रश्न शतकांच्या अंतराने उभा होता.

मुंबईजवळच्या कान्हेरी येथील बौद्ध लेण्यांत पहलवी लेख कोरलेले आहेत. वेस्ट यांनी त्यांचे वाचन १८८० साली प्रसिद्ध केले. त्यांत ना राजाज्ञा, ना दानपत्र. लेणी पाहावयास आलेल्या पारशी मंडळींची नावे, सोबत पित्याचे नाव, आणि यझ्दगर्दी शकातील वर्ष, महिना व दिवस एवढेच. वर्षे ३७८ आणि ३९०, म्हणजे इ. स. १००९ आणि १०२१. पेढीवरील नोंदीहून ही नोंद फारशी निराळी नव्हे. मिती घातली होती म्हणूनच आज तिचा काळ निश्चित सांगता येतो.

त्याच १८८० साली पहलवी धर्मग्रंथांच्या त्यांच्या इंग्रजी भाषांतराचा पहिला खंड निघाला. पाचवा आणि अखेरचा खंड १८९७ साली आला, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती.