पिशवी कुणाच्या खांद्यावर?

बाळाला घेऊन बाहेर पडताना लागणाऱ्या पिशवीला बाजारात ‘मदर बॅग’ म्हणतात. म्हणजे ती कुणी उचलायची हे विकत घेण्याआधीच ठरलेले! चळवळीतल्या मोठ्या प्रश्नांपुढे ही बाब किरकोळ वाटेल. मला तशी वाटत नाही. लहान बाळाच्या आईचे सभेला येणे, कामावर परतणे, नुसते मोकळ्या हवेत जाणे पुष्कळदा या पिशवीपाशीच अडते.

मी नेरूळला राहते. मुलगी आठ महिन्यांची आहे. १९९२ साली हार्बरची लोकल खाडी ओलांडून वाशीला आली, पुढे पनवेलपर्यंत गेली. आमचे जाणे-येणे तिच्यावरच. एका हातात बाळ, दुसऱ्या हाताने डब्याचा दांडा धरलेला, अशा वेळी खांद्यावरून घसरणारी पिशवी धोक्याची. म्हणून दोन्ही खांद्यांवर बसणारी सॅक घ्यावी. रिकामी असताना हलकी, तोंडाशी रुंद, पावसात न भिजणारी आणि घरी धुता येणारी. ओल्या कपड्यांसाठी आत रेक्झिनचा वेगळा कप्पा हवा.

सामानही मोजकेच. दर तीन तासांना एक डायपर, वर एक जादा. कपड्यांचा एक जोड, जुन्या सुती साडीची दोन दुपटी, पाण्याची बाटली आणि रद्दी कागद. रद्दी विसरू नये. वापरलेला डायपर गुंडाळून वेगळा टाकायचा असतो. उत्पादकांनी त्यासाठी वेष्टन पुरवावे, असे २०१६ च्या घनकचरा नियमांतही होते. आपण उघडा फेकलेला डायपर कुणा सफाई कामगार बाईला हाताने उचलावा लागतो.

पण पिशवी इतकी जड का होते? बाहेर स्वच्छ पाणी नाही, बाळाला आडवे करायला फळी नाही, पाजायला आडोसा नाही. शहराने जे पुरवायचे, ते आई पाठीवर वाहते. एसटी स्थानकांवर ‘हिरकणी कक्ष’ आले. सार्वजनिक ठिकाणी स्तनपान व बालसंगोपनासाठी जागा असाव्यात, याची राज्यांना आठवण द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राला सांगितले. हे स्वागतार्हच. मात्र पाजणे आईचे असले तरी डायपर कुणीही बदलू शकते. माझ्या नवऱ्याने एका मोठ्या दुकानात जागा विचारली, तर उत्तर मिळाले, “लेडीज टॉयलेटमध्ये आहे.” २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी आईची रजा २६ आठवडे केली; बापासाठी त्यात एक दिवसही नव्हता. कायदा आणि दुकान दोघेही त्याला दाराबाहेरच उभे करतात, आणि पुष्कळ बापांना ते सोयीचेही वाटते.

आमच्याकडे पिशवी भरण्याचे काम त्याचे आहे. “त्याला कशाला गं सांगतेस?” असे घरच्या वडीलधाऱ्या बायका म्हणतातच. पण पिशवी उचलणे ही झाली मदत. काय संपले, काय धुवायचे राहिले, हे न सांगता लक्षात ठेवणे ही जबाबदारी. मला मदत नको, वाटणी हवी.

मैत्रिणींनो, आपापल्या गटाने जवळची स्टेशने, दवाखाने, बाजार पाहून यावेत. बाळ बदलायची फळी पुरुषांच्या बाजूलाही मागावी. आणि आपल्या स्वतःच्या सभेत एका कोपऱ्यात चटई, पाणी आणि झाकणाची बादली ठेवावी. सुरुवात तिथून होऊ दे.