भूल देण्यापूर्वीचे दोन प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यात शस्त्रक्रिया लहान असो वा मोठी, रुग्णास भूल देण्यापूर्वी, रक्तदाबाची नेमकी कोणती गोळी चालू आहे आणि गेल्या काही आठवड्यांत शेतात फवारणी झाली काय, हे दोन प्रश्न विचारून त्यांची उत्तरे केसपेपरवर नमूद करण्यात कसूर होता कामा नये, असे माझे आग्रहाचे मत आहे.

मज्जातंतूच्या टोकाशी संदेश पोहोचताच तेथील सूक्ष्म द्वारांतून कॅल्शियम आत शिरते, त्याच्या प्रेरणेने ॲसिटिलकोलीन स्रवते आणि स्नायू आकुंचन पावतो; कार्य संपताच कोलिनेस्टरेज हे विकर त्या द्रव्याचे विघटन करते. रक्तदाबावर दिल्या जाणाऱ्या, कॅल्शियमची द्वारे रोखणाऱ्या व्हेरापामिलसारख्या औषधांचा रोख मुख्यतः हृदय व रक्तवाहिन्यांकडे असल्यामुळे निरोगी स्नायूंचे बळ त्यांनी सहसा उणावत नाही. परंतु व्हेक्युरोनियमसारख्या स्नायुशिथिलकाने या संदेशवहनातील राखीव सामर्थ्य आधीच हिरावलेले असता शिथिलता अधिक गाढ झाल्याची, आणि निओस्टिग्मिन देऊनही ती लवकर न ओसरल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आढळतात.

फवारणीचा प्रश्न तर या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचा आहे. 2017 च्या खरिपात येथे फवारणीच्या विषबाधेने वीसांवर माणसे दगावली आणि शेकडो रुग्णांना उपचारांसाठी वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासह ठिकठिकाणच्या रुग्णालयांत दाखल व्हावे लागले. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी कीटकनाशके कोलिनेस्टरेज निकामी करतात. रक्तातील याच कुळीचे विकर सक्सिनिलकोलीन या शिथिलकाचाही नाश करीत असल्याने, ते क्षीण झाले असता एरवी काही मिनिटांत उतरणारा अंमल तासन्‌तास टिकून श्वास यंत्राच्या हवाली राहू शकतो.

फवारणी हा ज्याचा नित्याचा रोजगार, त्याला ती आजाराच्या हकीकतीत सांगावी असे सुचत नाही, आणि ‘बीपीची गोळी’ एवढ्या मोघम उत्तराने वैद्याचे काम भागत नाही; म्हणून विचारण्याची जबाबदारी रुग्णालयाची आहे, आणि आरोग्य खात्याने तसा स्पष्ट हुकूम काढून नोंदीची तजवीज करावी. रुग्णांनीही रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद न करता तिचे पाकीट सोबत आणावे, आणि फवारणी केली असल्यास कोणी विचारण्याची वाट न पाहता ती भूलतज्ज्ञास सांगावी.